१०×५० दुर्बीण, चार आठवडे वापरून (सुट्टीला अजून दहा दिवस आहेत)

आधीच सांगते, उद्या माझा पहिला पेपर आहे आणि मी आत्ता अभ्यासाला बसलेय असं घरात सगळ्यांना वाटतंय, त्यामुळे मध्येच कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या. आज रविवार, १४ डिसेंबर २०२५. २३ ला शेवटचा पेपर, २४ पासून सुट्टी, म्हणजे आजचा धरून दहा दिवस. कपाटाच्या दारावर टाइमटेबल चिकटवलंय, त्यावर रोज झोपताना एक फुली मारते आणि सध्या दिवसभरात त्या फुलीएवढं सुख कशातच नाहीये. वर्गाच्या ग्रुपवर एकजण रोज सकाळी नुसता आकडा टाकतो, काल 'अकरा', आज 'दहा', बाकी एक शब्द नाही, आणि त्या आकड्याला सगळा वर्ग हार्ट देतो.

पण रिव्ह्यू सुट्टीचा नाही, दुर्बिणीचा आहे. मी घेतलीय ती दोन डोळ्यांची, बायनॉक्युलर म्हणतात ती, १०×५०. घेतली खरं तर सुट्टीसाठीच. प्लॅन असा होता की नोव्हेंबरमध्ये मागवायची, खोक्यातच ठेवायची आणि पेपर संपले की फोडायची, आईला तसं कबूल पण केलं होतं. ते कबूल केलेलं साधारण चार मिनिटं टिकलं. आणि बरं झालं टिकलं नाही, कारण पहिला पीस खराब निघाला आणि खोकं जर २४ ला उघडलं असतं तर परत करायची मुदत कधीच गेलेली असती. ते पुढे सांगते.

आधी त्या आकड्यांचं, कारण मला स्वतःला घेताना यात जाम गोंधळ झाला होता. १० म्हणजे दहा पट जवळ दिसतं, ५० म्हणजे पुढच्या मोठ्या काचेचा व्यास ५० मिलिमीटर. लोक पहिल्या आकड्याच्या मागे लागतात, खरं काम दुसऱ्याचं असतं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडून उघडून सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते, आणि ही काच ५० ची, दोन्हींच्या क्षेत्रफळाचा हिशोब केला तर काच जवळपास पन्नास पट जास्त उजेड गोळा करते. (गणिताच्या सरांना सांगायला हवं की वर्तुळाचं क्षेत्रफळ मी स्वखुशीने काढलं.) आमच्या वर्गातल्या एकाकडे आहे तिच्यावर मोठ्या अक्षरात ३०×६० छापलंय आणि तो मला चिडवत होता की तुझी १० ची, माझी ३० ची. मधल्या सुट्टीत कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं तर पुढची काच साठ सोडा, चाळीसचीसुद्धा नाही निघाली. नुसतं छापलेलं. तर घेताना पट्टी घेऊन जा आणि ज्याच्यावर फार मोठा झूमचा आकडा असेल ते तिथेच ठेवून या.

दुर्बीणच का, टेलिस्कोप का नाही, हे मला सगळ्यांनी विचारलं. बाबा तर म्हणाले की एकदाच काय ते नीट घे. पण माझा दिवस बघा. सव्वापाचला उठायचं, सहा चाळीसची बस, शाळा, घरी येऊन कपडे बदलायचे आणि क्लासला पळायचं, क्लास सुटतो आठला, मग जेवण, मग होमवर्क, मग आईचं "फोन ठेव आता". या सगळ्यात माझे स्वतःचे असे वेळ दोनच, एक सकाळी आवरून झाल्यावर बस यायच्या आधी दहा मिनिटं आणि दुसरा रात्री साडेनऊच्या आसपास गच्चीवर दहा मिनिटं, तेही "कपडे काढून आणते" या नावाखाली. टेलिस्कोप बाहेर न्यायचा, स्टँड उभा करायचा, लेव्हल करायचा, फाइंडर जुळवायचा, तोवर दहा मिनिटं गेली आणि वर कपडे राहिले ते वेगळंच. दुर्बीण गळ्यात अडकवली, वर गेलं, डोळ्याला लावली, झालं. टेलिस्कोप ही सुट्टीतली गोष्ट आहे, दुर्बीण शाळा चालू असतानाची. माझा अख्खा रिव्ह्यू खरं तर एवढाच आहे, बाकीचं तपशिलात.

आता खराब पिसाची गोष्ट. पहिल्या रात्री वर गेले, एक ठळक तारा पकडला आणि दोन दिसले. मला वाटलं वा, जोडतारा. दुसरा तारा पकडला, तोही जोडतारा. मग रस्त्यावरचा दिवा बघितला तर तोही दोन, तेव्हा ट्यूब पेटली. दुर्बिणीची डावी-उजवी नळी एकाच ठिकाणी बघत नव्हती, एक जरा वर आणि एक जरा खाली. याला कॉलिमेशन गेलंय असं म्हणतात, वाहतुकीत खोकं आपटलं की आतलं प्रिझम हलू शकतं. थोडंसंच हललेलं असेल तर आणखी वाईट, कारण डोळे ओढून ताणून दोन चित्रं एक करतात, आपल्याला कळतही नाही आणि पाच मिनिटांनी डोकं ठणकायला लागतं. विकणाऱ्यांना मेसेज केला तर उत्तर आलं, "मॅडम फोकस करून बघा." मी म्हटलं केलं. "नीट फोकस करून बघा." असं तीन दिवस चाललं. शेवटी फोनचा कॅमेरा आधी एका भिंगाला आणि मग दुसऱ्याला लावून, दुर्बीण खिडकीच्या कट्ट्यावर न हलवता ठेवून, समोरच्या टाकीचे दोन फोटो काढून पाठवले, एकात टाकी मधोमध आणि एकात टाकीची कडा, तेव्हा गप्प बसले आणि बदलून दिली. दुसरा पीस चांगला आला, म्हणून विकणाऱ्यांचं नाव घालत नाही, चांगलं म्हणून पण नाही आणि वाईट म्हणून पण नाही. पण तुम्ही घ्याल तेव्हा हे पहिल्या दिवशी तपासा, पहिल्या रविवारी नाही.

अजून एक टेस्ट दुकानातच करता येते. दुर्बीण हात लांब करून धरायची, पुढची काच उजेडाकडे (सूर्याकडे नाही, आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे) आणि आपण मागच्या काचेत बघायचं, तिथे उजेडाचा छोटा गोल ठिपका दिसतो, माझ्यात पाच मिलिमीटरचा, ५० भागिले १०. तो पूर्ण गोल असेल तर आतलं प्रिझम बॅक-४ काचेचं, कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि राखाडी दिसल्या तर बीके-७, जे जरा स्वस्तातलं. माझा गोल आहे. बसक्या खांद्यांचा जो जुना आकार असतो ना दुर्बिणीचा, पुढच्या नळ्या एकमेकींपासून लांब आणि मागच्या जवळ, ती पोरो प्रिझमची रचना, पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली. सरळ नळ्यांच्या दिसायला भारी असतात पण तेवढ्याच पैशात पोरो जास्त चांगलं दाखवते. दिसायला ती आजोबांच्या काळातली वाटते, मला चालतं.

फोकस कसा करायचा हे सोबतच्या कागदावर इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की ते वाचायलाच दुर्बीण लागेल. तर असं: आधी मधून वाकवून दोन गोल एक होईपर्यंत जवळ-लांब करायचं. मग उजवा डोळा मिटून डाव्याने बघत मधलं चाक फिरवायचं. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीमागची रिंग फिरवायची. ती रिंग एकदा जमली की तुमच्या डोळ्यांची झाली, तिथे मी नेलपेंटचा एक ठिपका दिलाय, कारण घरात प्रत्येक जण "बघू बघू" करत ती फिरवून ठेवतो. माझा मायनस दोनचा चष्मा आहे, तो काढून बघता येतं, चाकानेच नंबर भरून निघतो. पण सिलिंड्रिकल नंबर असेल तर निघत नाही, मग चष्मा ठेवून रबरी कप मागे दुमडायचे.

आता सगळ्यात मोठा प्रॉब्लेम, ज्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं. हात. दहा पट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथरही दहा पट मोठी दिसते. पहिले चार दिवस मला वाटत होतं की गुरू हा ग्रह नसून काजवा आहे. त्यात थंडी, त्यात दुर्बिणीचं वजन जवळजवळ एक किलो, दोन मिनिटांत खांदे भरून यायचे. मी वैतागून स्टँड बघायला लागले होते, पुढे मध्यभागी एक टोपण असतं, ते काढलं की आत पाव इंची पेच असतो आणि त्याला एल आकाराचा अडॅप्टर लावून कॅमेऱ्याच्या स्टँडवर बसवता येते, तो अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. पण त्याआधी आजी वर आली. आजी गुडघ्यांमुळे फारशी वर येत नाही, त्या दिवशी मी खूप वेळ खाली आले नाही म्हणून बघायला आली होती. मला म्हणाली काय चाललंय, मी म्हटलं गुरूचे चंद्र बघतेय, हलतायत. ती म्हणाली, "चंद्र नाही गं हलत, तू हलतेयस. हवेत कशाला धरलंयस, कोपरं टेकव की कुठेतरी." आणि मला खांद्याला धरून कठड्यापाशी नेलं, दोन्ही कोपरं कठड्यावर, डोक्यावर भिंतीची कड, श्वास सोड म्हणाली. सुईत दोरा ओवताना असंच करतात, तिचं म्हणणं. आणि एकदम ते सगळं थांबलं. मध्ये एक पिवळट गोल, इतका छोटा पण गोल, टिंब नाही, आणि त्याच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, टाचणीच्या टोकाएवढे, एका रेषेत. मी बोललेच नाही काही वेळ. मग आजीला दिली. तिच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला लांबचं लख्ख दिसतं, रिंग परत फिरवावी लागली (नेलपेंटचा ठिपका तेव्हाचाच), तिने खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "तीन आहेत." मी म्हटलं चार असतात, एक मागे किंवा पुढे गेला असेल. "मग उद्या बघू," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच आली.

हे चंद्र माझं या महिन्याचं वेड आहे. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर रोजचा एक गोल आणि त्याच्या बाजूचे ठिपके काढते, खाली तारीख. सरांनी ते पान बघून विचारलं की ही कसली लिपी आहे. चौघांतला सगळ्यात आतला चंद्र आयो, तो दीड-पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, म्हणजे काल डावीकडे होता तर आज उजवीकडे, आणि कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात, तो आपला निवांत, आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकासारखा. आयो दहा पट दुर्बिणीत बऱ्याचदा गुरूच्या उजेडात बुडतो, तो दिसला की त्या दिवशी दोन ठिपके जास्त गडद काढते. गॅलिलिओने हे पहिल्यांदा ७ जानेवारी १६१० ला बघितले, त्यालाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते, चौथा १३ तारखेला. आजीला हे सांगितल्यावर ती एकदम खूश झाली, "बघ, मी पण तीनच म्हटलं होतं." गुरू सध्या मिथुन राशीत पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ आहे, ओळखायला काही लागत नाही, रात्री साडेनऊला पूर्वेकडे जे सगळ्यात जास्त चमकतंय आणि लुकलुकत नाहीये ते. येत्या १० जानेवारीला तो बरोबर सूर्यासमोर येतोय, म्हणजे सगळी रात्र आभाळात आणि सगळ्यात तेजस्वी. तेव्हा आमची शाळा सुरू झालेली असेल अर्थात, पण शनिवार आहे, बघितलं मी कॅलेंडरवर.

चंद्राबद्दल एक फसवणूक सांगते. ४ डिसेंबरला पौर्णिमा होती, सुपरमून, ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकले, मी अगदी ठरवून वर गेले आणि बघते तर नुसता पांढरा उजेड, डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा, खड्डे नाहीत, डोंगर नाहीत, काही नाही. कारण पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर आपल्या बाजूने सरळ पडतो, सावल्याच नसतात. आदल्या दिवशी तो कृत्तिकांच्या अगदी जवळ होता, त्याही बिचाऱ्या त्या उजेडात धुऊन निघाल्या. त्याच्या आठवडाभर आधी, २८ नोव्हेंबरला, अर्धा चंद्र होता तेव्हा उजेड आणि अंधाराच्या सीमेवर एकेक खड्डा असा कोरून काढलेला, आतली सावली काळी कुळकुळीत, की मला दहा मिनिटांची पंचवीस झाली आणि खाली कपड्यांचं विचारणं झालं. तर चंद्र बघायचा तो अर्धा किंवा कोर. आणि यावेळी सुट्टीचा पहिलाच दिवस कोरीचा आहे, २० ला अमावस्या, २४ ला संध्याकाळी पश्चिमेला छान वाढलेली कोर, २७ ला अर्धा चंद्र. हे मी टाइमटेबलच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय. पुढच्या बाजूला पेपर, मागच्या बाजूला चंद्र.

बाकी काय काय दिसतं ते पटकन सांगते, म्हणजे कोणी उगाच भलत्या अपेक्षेने घेऊ नका. कृत्तिका: नुसत्या डोळ्यांनी मला सहा दिसतात, दुर्बिणीतून मोजायचा कंटाळा येईल इतक्या, निळसर पांढऱ्या, आणि अख्खा पुंजका एका चित्रात मावतो. दुर्बिणीवर लिहिलेलं असतं १००० मीटरला ११४ मीटर, म्हणजे साडेसहा अंश, चंद्र असतो अर्ध्या अंशाचा, म्हणजे तेरा चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं आभाळ एका वेळी. हे टेलिस्कोपला जमत नाही, त्यात कृत्तिका तुकड्या-तुकड्याने बघाव्या लागतात. साडेनऊला त्या जवळजवळ डोक्यावर असतात, उभं राहून बघितलं तर मान मोडते, गच्चीवर आडवं व्हा.

मृग: आजी त्या तीन ताऱ्यांना बाण म्हणते, मृगाच्या पोटात घुसलेला, आणि तो बाण मारणारा व्याध खाली चमकतोय, त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याधापाशीच पोचते, करून बघा. त्या बाणाच्या खाली जी धूसर जागा आहे तिथे दुर्बीण लावली की मृगातला तेजोमेघ, साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब, नवे तारे जिथे बनतायत ती जागा. पण फोटोत असतो तसा गुलाबी-जांभळा अजिबात दिसत नाही, राखाडी वाफ दिसते, आरशावर श्वास सोडल्यासारखी. आपल्या डोळ्यांना इतक्या कमी उजेडात रंग कळत नाहीत, दुर्बिणीची चूक नाही. देवयानी दीर्घिका पण तशीच, लांबट पुसट डाग, माझ्या मैत्रिणीने बघितली आणि म्हणाली "बोटाचा ठसा लागलाय गं काचेला." मी म्हटलं त्या ठशातला उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तर म्हणाली तरी पुसून बघ. शनीची कडी दिसत नाहीत, दहा पटीला दिसणारच नाहीत, कोणी सांगितलं तर ऐकू नका. रंग बघायचा असेल तर काक्षी बघा, मृगाचा तो तांबूस तारा, फोकस मुद्दाम किंचित बिघडवला की टिंबाचा छोटा गोळा होतो आणि रंग एकदम कळतो. हा तारा २०१९ च्या शेवटी इतका मंद झाला होता की फुटतोय की काय अशा बातम्या आल्या होत्या, मी तेव्हा तिसरीत होते, मला काही आठवत नाही. नंतर कळलं की त्यानेच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आपल्यासमोर आडवी आली होती.

तक्रारी. पट्टा एकदम बारीक आणि कडक, मानेवर वळ उठतो, मी जुन्या मफलरची घडी त्यावर शिवून घेतली. पुढच्या काचांची टोपणं ढिली, स्वेटरला घासली तरी पडतात. डोळ्यांच्या रबरी कपांवर धूळ चिकटते. आणि धुकं! ही खरं तर दुर्बिणीची नाही, माझी चूक: थंडीतून खाली आणली आणि गरम खोलीत तशीच उघडी ठेवली, दोन मिनिटांत सगळ्या काचांवर दव, आणि मी शहाणीने टॉवेलने पुसलं. कधीच करू नका, ओरखडे पडतात. बाहेरच पिशवीत घालून बंद करायची आणि मग खाली आणायची, अर्धा तास हात लावायचा नाही. बुटांच्या खोक्यात जी सिलिका जेलची पुडी असते ती आता माझ्या दुर्बिणीच्या पिशवीत असते. आणि घरात लहान मुलं असतील तर ऐका, सूर्याकडे चुकूनसुद्धा नाही, एक क्षणही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. माझा मावसभाऊ सुट्टीत २६ ला येतोय, सात वर्षांचा, तो येईल तेव्हा दिवसा ही कपाटात कुलपात.

अजून एक, याचा दुर्बिणीशी संबंध नाही पण आहे पण. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनची स्क्रीन एकदा बघितली की परत शून्यापासून. त्यामुळे वर फोन नेत नाही. आईला आधी हे पटलंच नाही, मी फोन खाली ठेवून जातेय म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे असं तिला वाटलं. आता तिचा मुद्दा झोपेचा आहे. मी तिला सांगितलं की अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१४ मध्येच म्हटलंय की आमच्या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, कारण या वयात झोप रात्री उशिराच येते, त्यात आमचा दोष नाही. ती म्हणाली, मग शाळेला सांग, मला का सांगतेस. बरोबर आहे म्हणा. म्हणून तर सुट्टी पाहिजे, उठायची घाई नाही, दहा मिनिटांची दोन तास झाली तरी कोणी कपड्यांचं विचारणार नाही.

कालची रात्र सांगून थांबते. १३-१४ डिसेंबरची रात्र म्हणजे मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची, वर्षातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. बाकीच्या उल्का बहुतेक धूमकेतूंच्या धुळीतून येतात, या येतात फेथन नावाच्या लघुग्रहामागच्या कचऱ्यातून, तो १९८३ मध्ये सापडला. पेपर सोमवारी आणि उल्का शनिवारी, यावर घरात दोन दिवस वाटाघाटी चालल्या, शेवटी दहा ते साडेअकरा असं ठरलं, बाबा सोबत, आणि रविवारी सकाळी सातला पुस्तक उघडं दिसलं पाहिजे. दोघं ब्लँकेट घेऊन आडवे झालो. मी दुर्बीण डोळ्याला लावून बसले, पंधरा मिनिटं, एकही नाही. बाबांना तेवढ्यात चार दिसल्या. साहजिक आहे, मी साडेसहा अंशांच्या भोकातून बघत होते आणि उल्का पडतायत अख्ख्या आभाळात. मग काढून पोटावर ठेवली आणि नुसतं बघत राहिले. माझ्या एकोणीस झाल्या, बाबांच्या सव्वीस, पण बाबा विमान पण मोजतात असा मला संशय आहे. शेवटची खूप मोठी होती, हिरवट, व्याधापर्यंत गेली, आणि दोघंही एकदम "अरे" म्हणालो. बाबा म्हणाले, "एवढे पैसे घालून घेतली ती पोटावर ठेवायला?" मी म्हटलं हो, गरम राहतं.

पाचपैकी चार. अर्धा पट्ट्याचा कापला, अर्धा टोपणांचा. शाळेत किंवा कॉलेजला जाणारं कोणी असेल आणि टेलिस्कोप की दुर्बीण यात अडकलं असेल तर आत्ता ही घ्या, टेलिस्कोपचं नंतर बघा, आणि घेताना कुठल्याही कंपनीची असो, वरच्या दोन टेस्ट करा आणि परत करायची मुदत विचारून घ्या. कोपरं टेकवा.

काल रात्री एक टोपण गच्चीवरून खाली पडलं, आज सकाळी शोधलं, सापडलं नाही. सध्या त्या काचेवर बाबांच्या जुन्या मोज्याचं टोक कापून बसवलंय, एकदम फिट बसतं, मोजा धुतलेला आहे.